दुखवट्याचा अधिकार : बिदर-कलबुर्गी सीमाभागातील आत्महत्येनंतरच्या शोकाचा इतिहास

आत्महत्येने माणूस गेलेल्या घराचा दुखवटा इतर दुखवट्यांसारखा सरळ चालत नाही. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या पट्ट्यात म्हातारपणाने किंवा आजाराने आलेल्या मरणाची वाट ठरलेली आहे : माती, राख सावडणे, कडू घास, दहावा, तेरावा, पहिला सण, वर्षश्राद्ध. कोणी केव्हा यायचे, काय आणायचे, किती वेळ बसायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. माणसाने जिवाचे बरेवाईट करून घेतले की ही वाट पहिल्याच दिवशी अडते. येणारा माणूस बसण्याआधी ‘कसं झालं?’ असे विचारतो आणि घरच्यांना रडण्याआधी उत्तर द्यावे लागते.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या भागात वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या सत्तांकडे होता. आधी तो धर्मशास्त्राकडे होता, मग पोलिसांकडे आला, आणि गेल्या पाव शतकात शेतकरी कुटुंबांच्या बाबतीत महसूल खात्याकडेही आला. तिन्ही ठिकाणी मरणाचे कारण आधी ठरले आणि मागे राहिलेल्यांना काय मिळायचे ते नंतर. आधार मात्र बहुतेक वेळा कारण न विचारणाऱ्यांकडूनच मिळत आला आहे.

भूभाग आणि माणसे

बिदर जिल्ह्यातील औराद, कमलनगर, भालकी आणि बसवकल्याण हे तालुके, तसेच कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हा तालुका मराठी आणि कन्नड यांच्या सरमिसळीचा प्रदेश आहे. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. सीमा आखली गेली तरी सोयरीक तुटली नाही. भालकीची सून निलंग्याची असते आणि औरादची लेक उदगीरला दिलेली असते. त्यामुळे एका मरणाचा दुखवटा दोन राज्यांत धरला जातो, आणि त्या मरणाला लागू होणारे सरकारी नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगळे असतात.

कल्याणचा ग्रंथ

या विषयावरील सर्वांत प्रभावी धर्मशास्त्रीय लेखन याच भागात झाले. आजचे बसवकल्याण म्हणजे उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने तेथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या कायद्यामुळे हा ग्रंथ पुढे देशाच्या बहुतेक भागांत प्रमाण मानला गेला. इंग्रजी अमलातील न्यायालयेही त्याचा आधार घेत. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आशौचाचे, म्हणजे सुतकाचे प्रकरण आहे.

स्मृतींची भूमिका कडक होती. ज्याने जाणूनबुजून स्वतःचा जीव घेतला त्याचे सुतक धरू नये, त्याला उदक देऊ नये, असे मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती दोन्ही सांगतात. पराशरस्मृती तर अशा मृताला वाहून नेणाऱ्यांना आणि त्याचे दहन करणाऱ्यांनाही प्रायश्चित्त सांगते. मिताक्षरेने हा नियम मांडताना दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. मरण बुद्धिपूर्वक आले की प्रमादाने, म्हणजे चुकून, असा भेद तिने केला. प्रमादाने आलेल्या मरणाला सुतक आणि उदक दोन्ही आहेत. दुसरी वाट नारायणबलीची. बुद्धिपूर्वक मरण आलेल्यासाठीही वर्ष उलटल्यावर नारायणबली करून पुढचे और्ध्वदेहिक करता येते.

या नियमांचा घरावर झालेला परिणाम समजायला सुतक म्हणजे व्यवहारात काय ते पाहावे लागते. सुतक म्हणजे विटाळ, पण ती दहा दिवसांची सुटीही आहे. त्या दिवसांत घर कामातून मोकळे असते, चूल पेटत नाही, शेजारपाजार जेवण पुरवतो, आणि दुःखाने गप्प बसलेल्या माणसाकडून कोणी कसली अपेक्षा करत नाही. सुतकच नाही असे ठरले की हा आडोसाही जातो. घरात माणूस गेलेला आहे, पण तो गेला असे उघडपणे वागण्याची मुभा नाही, अशी ती अवस्था होती.

प्रमादाची वाट लोकांनी मात्र घट्ट धरून ठेवली. पाय घसरला, झोपेत गेला, छातीत कळ आली, अशी कारणे आजही या मरणांना दिली जातात. त्यात बदनामीची भीती असते, तसेच मृताला नीट निरोप मिळावा ही इच्छाही असते. नारायणबलीही चालू राहिला. त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण-नागबली करण्यासाठी सीमाभागातील कुटुंबे जातात. या विधीने मागे राहिलेल्यांना करण्यासारखे काहीतरी दिले; त्याचबरोबर मृताचा आत्मा अडकलेला आहे ही धास्तीही घरात कायम ठेवली.

कल्याणची चळवळ

मिताक्षरेनंतर साधारण अर्धशतकाने, त्याच कल्याणमध्ये, कलचुरी बिज्जलाच्या काळात बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी सुतकाची कल्पनाच नाकारली. जन्म, मरण, रज, उष्टे आणि जात या पाचांचाही विटाळ लिंगधारी माणसाला लागत नाही, ही वीरशैव-लिंगायत परंपरेची भूमिका आहे. मृताला लिंगैक्य झाला असे म्हणतात, त्याला बसलेल्या स्थितीत समाधी देतात, आणि पिंडदान, श्राद्ध यांना या मतात जागा नाही. त्यामुळे मृत्यू कोणत्या कारणाने आला यावर अंत्यविधी अडण्याचे तात्त्विक कारणच उरत नाही. बिदर, लातूर, आळंद या पट्ट्यात मराठी बोलणारे लिंगायत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरांत या मताचा प्रभाव दिसतो. तरी व्यवहारात शेजारच्या रिती त्यांच्यातही मिसळलेल्या आहेत, आणि आत्महत्येची लाज तत्त्वाने पुसली गेलेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी जवळजवळ तीच वाट वेगळ्या आधारावर धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. या कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्यात मृताच्या मरणापेक्षा त्याच्या जगण्याविषयी बोलले जाते. आत्महत्येनंतरच्या शोकात नेमके हेच बोलणे सर्वांत आधी बंद पडते, म्हणून हा विधी या विषयात लक्षात घेण्यासारखा आहे.

गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि बिदर या बहमनी राजधान्यांमुळे येथे मुस्लिम वस्ती जुनी आणि मोठी आहे. इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध असली तरी दख्खनमध्ये प्रचलित असलेल्या हनफी मतानुसार अशा मृताची जनाज्याची नमाज पढली जाते. तिसऱ्या दिवशीची जियारत आणि चाळिसाव्या दिवशीचा चहलुम हे टप्पे ठरलेले असतात. विधवेची इद्दत, म्हणजे पाळायचा प्रतीक्षाकाळ, चार महिने दहा दिवसांची असते. हे बंधन आहे, पण विधवेला लगेच घराबाहेरच्या व्यवहाराला जुंपले जात नाही, ही त्याची दुसरी बाजू.

गावाची रीत

शास्त्र काही सांगो, दुखवट्याचा खरा भार गावरितीवर असतो. मृताच्या घरी चूल बंद असल्याने भाऊबंद आणि शेजारी भाकरी, पिठले किंवा आमटी-भात घेऊन येतात आणि घरच्यांना जवळ बसून खाऊ घालतात. हाच कडू घास. मानसिक आधाराची ही सर्वांत जुनी सोय म्हणता येईल, कारण तिच्यात बोलण्याची सक्ती नाही. तेराव्याला सोयरे कर्त्या मुलाच्या डोक्याला टोपी किंवा पागोटे बांधतात. घराचा कर्ता आता तू, असा त्याचा अर्थ. वारकरी घरांत कीर्तन किंवा प्रवचन ठेवतात, रात्री भजनी मंडळ येते, आणि या भागात एकाच बैठकीत मराठी अभंगामागून कन्नड पद म्हटले जाते.

बायकांचा शोक वेगळा चालतो. भेटायला आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि दोघी मृताच्या आठवणी काढत हेल काढून रडतात. या रडण्यात मृताला थेट बोलता येते : जाब विचारता येतो, रागावता येते, विनवताही येते. आत्महत्येनंतर सर्वांत जास्त साचणारी भावना म्हणजे मृतावरचा राग. तो शांत बसून बोलायची सोय नसते, पण रडण्यात तो बाहेर पडतो. पुरुषांना ही वाट नाही. ते ओट्यावर किंवा मंडपात बसतात आणि बोलणे पाऊस, बाजारभाव, पोलीस ठाणे यांच्याकडे वळते.

आत्महत्येनंतर या सगळ्या रिती आखडतात. शवविच्छेदन होऊन देह संध्याकाळी घरी येतो आणि अंत्यविधी घाईने उरकतात. भेटायला येणारे कमी होतात, कारण काय बोलावे ते कळत नाही. लहान मुलांना ‘बाबा गावाला गेले’ असे सांगून मावशीकडे पाठवून देतात. विधवेच्या वाट्याला जे येते ते आणखी कठीण. तिचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे विधी होतातच, शिवाय नवऱ्याच्या मरणाचा दोषही तिच्यावर येतो. ‘घरात भांडण होतं का?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. ४ मे २०२२ रोजी कर्नाटकच्या सीमेजवळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. सीमाभागातील गावांना तो ठराव भाषेने आणि सोयरिकीने जवळचा असला तरी कर्नाटकच्या ग्रामपंचायतींना ते आवाहन लागू नव्हते.

बाधा आणि गाणगापूर

जो शोक बोलता येत नाही तो या भागात पुष्कळदा बाधेच्या रूपाने समोर येतो. अकाली मेलेल्याची इच्छा राहिली, तो घराभोवती फिरतो, स्वप्नात येऊन काही मागतो, अशी समजूत मराठी आणि कन्नड दोन्ही मुलखांत आहे. मागे राहिलेल्याला झोप न लागणे, मृताचा आवाज आल्यासारखे वाटणे, अंग जड होणे या अनुभवांना ‘धरलंय’ हा एकच शब्द मिळतो. मानसशास्त्राच्या दृष्टीने यांतील बरेच अनुभव तीव्र शोकात सर्वसामान्य असतात.

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील गाणगापूर हे अशा कुटुंबांचे शतकानुशतकांचे ठिकाण आहे. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचे हे दत्तक्षेत्र पंधराव्या शतकातील नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झाले आणि सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्र’ ग्रंथामुळे मराठी घराघरांत पोहोचले. बाधा झालेली मानली जाणारी माणसे तेथे आरतीच्या वेळी मोठ्याने ओरडतात, रडतात, खांबांना धरून घुमतात. तेथे कोणी त्यांना गप्प करत नाही आणि घरात काय घडले याची चौकशीही करत नाही. कित्येक कुटुंबे आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात, माधुकरी मागतात, संगमावर स्नान करतात. कलबुर्गी शहरात १४२२ मध्ये निवर्तलेल्या ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यातही हिंदू-मुसलमान दोघे दुःख घेऊन येतात. या ठिकाणांनी मनाला थारा दिला हे खरे. त्याचबरोबर उपचाराची गरज असलेली माणसे वर्षानुवर्षे तिथेच अडकली आणि बाहेरचे पाहणाऱ्या भोंदूंनी कुटुंबांना लुबाडले, हेही या इतिहासाचा भाग आहे. अशा अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे.

पंचनामा

धर्मशास्त्रानंतर कारण विचारणारी दुसरी सत्ता पोलिसांची. निजामाच्या राज्यात गावात माली पाटील आणि पोलीस पाटील असे दोन पाटील असत. अनैसर्गिक मृत्यूची वर्दी देणे हे पोलीस पाटलाचे काम होते. संस्थानाची दंडसंहिता स्वतःची, पण ब्रिटिश हिंदुस्थानातील १८६० च्या संहितेच्या धर्तीवरची होती. १९५१ पासून भारतीय दंडसंहिताच येथे लागू झाली. तिच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. ही कल्पना इंग्लंडमधून आली. तेथे आत्महत्या केलेल्यांना १८२३ पर्यंत चव्हाट्यावर पुरण्याची प्रथा होती आणि १८७० पर्यंत त्यांची मालमत्ता सरकारजमा होऊ शकत असे. इंग्लंडने १९६१ मध्ये हा गुन्हा रद्द केला. भारतात तो आणखी सहा दशके टिकला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले आणि १९९६ मध्ये ते पुन्हा वैध ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरले नाही; सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

कलम गेले तरी चौकशी राहिली, कारण अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा वेगळ्या तरतुदीने होतो. कर्नाटकात अशा नोंदीला ‘यूडीआर’ म्हणतात आणि गावातले लोकही तोच शब्द वापरतात. पहिल्याच दिवशी बायकोचा, भावाचा, बापाचा जबाब घेतला जातो. चिठ्ठी सापडली तर ती पुरावा म्हणून जप्त होते. मृताचे शेवटचे अक्षर घरच्यांच्या हाती राहत नाही, अनेकदा धड वाचूनही होत नाही. मराठी कुटुंबाला त्यात भाषेची अडचण असते. निजामाच्या काळात कागद उर्दूत होत, १९५६ नंतर कन्नडमध्ये होऊ लागले. शोक मराठीत आणि सही न वाचता आलेल्या कागदावर, हे या सीमाभागात तीन पिढ्यांनी पाहिले आहे.

तुरीचे वर्ष

बिदर आणि कलबुर्गी हा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. १९९७ च्या हंगामात अवेळी पाऊस आणि शेंगा पोखरणारी अळी यांनी तूर हातची गेली. फवारण्यांवर झालेला खर्च बुडाला, सावकाराचे आणि दुकानदाराचे देणे राहिले, आणि त्या हिवाळ्यापासून बिदर जिल्ह्यातून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. कर्नाटकातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा या घटनांपासून सुरू झाली. आंध्रातील वरंगळ भागात त्याच हंगामात कापूस उत्पादकांच्या बाबतीत हेच घडत होते.

समाजशास्त्रज्ञ ए. आर. वासवी यांनी १९९९ मध्ये बिदरमधील या शेतीसंकटावर लेख लिहिला आणि २०१२ मध्ये ‘शॅडो स्पेस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पूर्वी पेरणी, बी-बियाणे, कीड यांचे निर्णय भावकीत आणि गावात चर्चेने होत. नव्या शेतीत शेतकरी दुकानदाराच्या सल्ल्यावर एकटाच निर्णय घेऊ लागला, आणि अपयशही त्याच्या एकट्याचे ठरले, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. या एकटेपणाची सावली दुखवट्यावरही पडते. जिथे तोटा एकट्याचा मानला जातो, तिथे त्या तोट्यामागून आलेले मरणही त्या एका घराची नामुष्की ठरते.

पात्र आणि अपात्र

शासनाची पहिली प्रतिक्रिया चौकशीची होती. कृषी विद्यापीठाचे माजी कुलगुरू जी. के. वीरेश यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये अहवाल दिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात १९९५ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजल्या जाऊ लागल्याच होत्या. पुढे आर्थिक मदत आली. कर्नाटकने ती टप्प्याटप्प्याने वाढवून २०१५ मध्ये पाच लाख रुपये केली आणि विधवेसाठी मासिक निवृत्तिवेतन जोडले. महाराष्ट्राने डिसेंबर २००५ च्या निर्णयाने एक लाख रुपये ठरवले : तीस हजार रोख, सत्तर हजार ठेव म्हणून. भालकी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी यांच्यामध्ये फक्त राज्याची सीमा आहे, पण एकाच नातेगोत्यातील दोन विधवांना मिळणाऱ्या रकमांत एवढा फरक पडतो.

मदतीबरोबर महसूल खात्याची छाननी आली. मृताच्या नावावर जमीन होती का, कर्ज मान्य संस्थेचे होते की खासगी, मरणाचे कारण शेतीच होते का, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. महाराष्ट्राच्या बाजूला सातबारा, कर्नाटकच्या बाजूला पहाणी. शेवटी प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते, आणि हे शब्द फायलीतून घरात येतात. ‘आमचं अपात्र झालं’ असे विधवा सांगतात, तेव्हा कारण ठरवून दुखवट्याचा हक्क देणारा मिताक्षरेचा भेद नऊशे वर्षांनी नव्या कागदावर उमटलेला दिसतो. बटाईने शेती करणारे, बापाच्या नावावरची जमीन कसणारे आणि स्वतःच्या नावावर शेत नसलेल्या बायका या चौकटीत सहज बसत नाहीत.

या छाननीचा शोकावर होणारा परिणाम कमी बोलला जातो. मदत मिळवायची तर कुटुंबाला मरणाची एकच गोष्ट सांगावी लागते, कर्जाची. मृताचे आजारपण, दारू, घरातली ओढाताण, मनाची जुनी उदासी हे सगळे गिळून टाकावे लागते, कारण त्याचा उच्चार झाला तर प्रकरण अपात्र ठरू शकते. जे गिळले ते मग घरातही बोलले जात नाही.

लेकीचा मृत्यू

बाई आत्महत्येने गेली की दुखवटा दोन घरांत फाटतो. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील तर पंचनामा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, म्हणजे बहुधा तहसीलदारासमोर होतो. १९८३ च्या दुरुस्तीने सासरच्या छळाचा गुन्हा आणि त्यासंबंधीचे गृहीतक कायद्यात आले. या तरतुदींची गरज होती. हुंड्यापायी गेलेल्या जिवांना त्याआधी दाद मिळणे अवघड होते. पण त्यामुळे माहेरचा शोक पहिल्या दिवसापासून फिर्यादीच्या रूपात चालतो आणि सासरचा बचावाच्या रूपात. माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात असेल तर तारखांसाठी सीमा ओलांडावी लागते, कागद दुसऱ्या भाषेत असतात. या ओढाताणीत तिची मुले दोनपैकी एका घराला कायमची मुकतात. आईच्या मरणाविषयी त्यांना दोन घरांतून दोन गोष्टी ऐकायला मिळतात. बाई शेतात राबत असली तरी तिचा मृत्यू ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून क्वचितच मोजला जातो, म्हणून मदतीचा प्रश्नही उद्भवत नाही.

आधाराच्या नव्या सोयी

मागे राहिलेल्यांना वेगळा आधार हवा, हा विचार जगातही अलीकडचा आहे. लंडनमध्ये १९५३ मध्ये चॅड वराह यांनी ‘समॅरिटन्स’ ही दूरध्वनीवर ऐकून घेणारी सेवा सुरू केली. आत्महत्या प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय संघटना १९६० मध्ये व्हिएन्नात स्थापन झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी घटनेनंतरच्या मदतीला स्वतंत्र नाव दिले आणि ती मदत पुढच्या पिढीसाठीचा प्रतिबंधच आहे असे मांडले. एका आत्महत्येमागे सहा जवळची माणसे राहतात असा त्यांचा अंदाज होता. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासाने मृताला ओळखणाऱ्या सुमारे १३५ जणांपर्यंत त्या घटनेचा परिणाम पोहोचतो असे दाखवले. भारतात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी कर्नाटकात १३,६०६. मागे राहिलेल्यांची संख्या यावरून लक्षात येते.

भारतात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत ‘स्नेहा’ सुरू केली. मानसोपचार जिल्हा पातळीवर नेण्याचा देशातील पहिला प्रयोग कर्नाटकातच झाला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १९८० च्या दशकाच्या मध्यात बळ्ळारी जिल्ह्यात तो केला आणि त्याच्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून तो रात्रंदिवस निःशुल्क आहे, आणि मराठी-कन्नडसह वीस भाषांत बोलता येते. सीमाभागाला भाषेची ही सोय विशेष मोलाची आहे, कारण दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर झाले.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ चौदा जिल्ह्यांत चालू झाला. त्याच वर्षी ‘नाम फाउंडेशन’ने मराठवाड्यातील विधवांना मदत देण्यापासून कामाला सुरुवात केली. ‘महिला किसान अधिकार मंच’ने शेतकरी विधवांना एकत्र आणून जमीन, रेशन, वारसनोंद यांचे प्रश्न हाती घेतले. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात विदर्भातील शेतकरी विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन अशाच एका शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी केलेल्या आत्महत्येच्या स्मरणार्थ किसानपुत्र आंदोलन २०१७ पासून दर १९ मार्चला अन्नत्याग करते. एका घराच्या सुतकाला सार्वजनिक दुखवट्याचे रूप देणारी ही मराठी मुलखातील ठळक प्रथा आहे.

घरातला सामना

अनुभवी समुपदेशक आणि आधारगट यांच्या कामातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. ‘का केलं?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. आत्महत्येमागे सहसा अनेक कारणे गुंतलेली असतात, आणि कोणा एकाच्या शेवटच्या बोलण्याने किंवा भांडणाने ती घडली असे मानणे चूक ठरते. अपराधीपणा, राग, लाज आणि दीर्घ आजारपणानंतर कधीकधी वाटणारी सुटका या भावना एकत्र येतात आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. मुलांना त्यांच्या वयाला पेलेल अशा शब्दांत खरे सांगावे, कारण बाहेरून कळलेले सत्य त्यांचा घरावरचा विश्वास मोडते. मृत्यूच्या पद्धतीचे तपशील मात्र त्यांना देऊ नयेत. येणाऱ्यांनी कारण विचारण्याऐवजी मृताचे नाव घेऊन त्याची आठवण सांगावी. धान्य, जनावरांचा चारा, तहसीलचा हेलपाटा, मुलांची शाळा अशी नेमकी कामे उचलावीत. ‘मन घट्ट कर’ या सल्ल्यापेक्षा अशा कामांचा उपयोग जास्त होतो.

मागे राहिलेल्यांमध्येही जगणे नकोसे वाटण्याचा धोका वाढतो. झोप आणि जेवण कित्येक आठवडे सुटणे, दारू वाढणे, ‘मीही त्याच्याकडे जातो’ असे बोलणे ही लक्षणे दिसली तर माणसाला एकटे सोडू नये आणि आरोग्य केंद्र, तालुका रुग्णालय किंवा १४४१६ यांच्याशी लगेच संपर्क साधावा. बातम्यांचाही यात वाटा असतो. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आत्महत्येची पद्धत, ठिकाण आणि चिठ्ठीचा मजकूर ठळकपणे छापायचा नसतो.

शोकाला ठरलेली मुदत नसते, तरी पहिल्या वर्षातले काही दिवस जड जाणार हे आधीच माहीत असते : पहिला पोळा, पहिली दिवाळी, तुरीची रास, वर्षश्राद्ध. मिताक्षरेने अशा मृताच्या क्रियेसाठी वर्षभर थांबायला सांगितले होते. आज वर्षश्राद्धाला इतर मृतांप्रमाणेच सोयरे जमतात, अशी घरे या भागात आहेत. तिथे कडू घास पहिल्या दिवशीच पोहोचलेला असतो, आणि ‘कसं झालं?’ हे घरच्यांना वाटेल तेव्हा, वाटले तरच सांगायचे असते.